बाळाला सीएमव्ही आहे का हे कसं ठरवायचं: नवीन सिस्टर, इंटर्न आणि आशाताईंसाठी

आमच्या खान्देशात बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, बाराव्या दिवशी बारसं, मग शेक, मालिश, डिंकाचे लाडू, आणि सव्वा महिना झाला की मगच बाळाला घेऊन डॉक्टरकडे. या रीतीला माझा विरोध नाही, आईला आराम मिळतो ते चांगलंच आहे. पण जन्मजात सीएमव्हीचं (म्हणजे सायटोमेगालोव्हायरसची पोटात असतानाच झालेली लागण) निदान पक्कं करायची मुदत 21 दिवसांची असते आणि सव्वा महिना होतो तोवर ती संपून दोन-अडीच आठवडे झालेले असतात. मी जळगाव जिल्ह्यात बरीच वर्षं लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम करतेय आणि या एका कारणामुळे "आता नक्की सांगता येत नाही हो" असं किती आईबापांना सांगावं लागलंय त्याची गिनती नाही. म्हणून नवीन रुजू झालेल्यांसाठी हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी हा व्हायरस काय ते थोडक्यात. सायटोमेगालो म्हणजे मोठी झालेली पेशी, याची लागण झालेल्या पेशी मायक्रोस्कोपखाली फुगलेल्या दिसतात आणि मधोमध घुबडाच्या डोळ्यासारखा ठिपका दिसतो, त्यावरून नाव पडलं. कांजण्यांचा व्हायरस ज्या हर्पिस कुळातला त्याच कुळातला हा. एकदा अंगात शिरला की जन्मभर राहतो, झोपून असतो, मधूनच जागा होतो. लाळ, लघवी, आईचं दूध, रक्त यातून पसरतो. आपल्या देशात गरोदर होईपर्यंत 90 टक्क्यांहून जास्त बायकांना तो कधीतरी होऊन गेलेला असतो, बहुतेकींना लहानपणीच, आणि त्यांना पत्ताही नसतो.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. परदेशी पुस्तकात लिहिलेलं असतं की आईला गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर 30 ते 40 टक्के बाळांपर्यंत व्हायरस जातो, ते खरंच आहे, पण आपल्याकडे बहुतेक केसेस तशा नसतात. आपल्याकडे आईच्या अंगातला जुना व्हायरस परत जागा होतो किंवा त्याचाच दुसरा प्रकार नव्याने शिरतो. अशा एका गरोदरपणात बाळापर्यंत जायचा धोका कमी असतो, पण जवळजवळ सगळ्याच आया त्या गटात असल्यामुळे एकूण बाळांची संख्या कमी राहत नाही. जगभरात दर 100 ते 200 जन्मांमागे एक बाळ हा व्हायरस घेऊन जन्मतं. म्हणजे तुमच्या लेबर रूममध्ये महिन्याला 200 डिलिव्हरी होत असतील तर दर महिन्याला एक-दोन तरी बाळं अशी असणार, आणि ती जवळजवळ सगळी दिसायला एकदम ठणठणीत.

ठणठणीत म्हणते कारण जन्मजात सीएमव्ही असलेल्या 10 बाळांपैकी साधारण 9 जणांना जन्मताना काहीच दिसत नाही. जे एक उरतं त्याच्यात दिसतं. आणि जी 9 चांगली दिसतात त्यांच्यातल्याही 10 ते 15 टक्क्यांना पुढे कानाचा त्रास होतो, कधी जन्मतः, कधी वर्षा-दोन वर्षांनी.

पहिलं काम: कुणाचा संशय घ्यायचा

अंगावर बारीक लालसर-जांभळे ठिपके, लिव्हर किंवा प्लीहा हाताला लागणं, प्लेटलेट कमी, कावीळ आणि त्यात डायरेक्ट बिलिरुबिन (लिव्हरमधून पुढे गेलेला काविळीचा पिवळा घटक) वाढलेलं, वजन दिवसांच्या मानाने फार कमी, झटके, आणि डोकं लहान. यातलं काहीही दिसलं की टेस्ट लावा. जन्मल्यावर कानाच्या तपासणीत बाळ नापास झालं तरी लावा, हे तर सगळ्यात जास्त विसरलं जातं. सोनोग्राफीत गर्भाच्या मेंदूत कॅल्शियमचे ठिपके दिसले होते किंवा आतडी पांढुरकी दिसली होती असं आईच्या फाइलमध्ये लिहिलेलं असलं तरीही लावा.

डोक्याचं माप तेवढं नीट घ्या हो. मी बघते, टेप कानाच्या वर कुठेतरी गुंडाळतात आणि 33 लिहून टाकतात. भुवयांच्या वरून, मागे डोकं सगळ्यात जास्त बाहेर आलेलं असतं त्या उंचवट्यावरून, न ताणणारी टेप, तीनदा माप, सगळ्यात मोठं येईल ते लिहायचं. नऊ महिने पूर्ण भरलेल्या मुलाचं डोकं सरासरी 34.5 सेंटीमीटर असतं, मुलीचं 33.9. मुलगा 31.9 च्या खाली किंवा मुलगी 31.5 च्या खाली गेली तर ते लहान डोकं. डिलिव्हरीनंतर डोक्याला सूज असेल तर दोन-तीन दिवसांनी परत मोजा. अर्धा सेंटीमीटर इकडे तिकडे झाला तरी बाळ एका गटातून दुसऱ्या गटात जातं, म्हणून एवढा जीव तोडून सांगतेय.

दुसरं काम: दिवस मोजा

जन्मतारीख लिहा, त्याच्यापुढे 21 दिवस मोजून ती तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा. बाळ सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेलं असलं तरी हिशोब जन्मल्या दिवसापासूनच, अपुरे आठवडे यात धरायचे नाहीत.

21 च का, तर बाळाला व्हायरस तीन वाटांनी मिळतो. पोटात असताना वारेतून, जन्मताना खालच्या मार्गातून, किंवा नंतर आईच्या दुधातून अथवा रक्त चढवताना. जन्मताना किंवा नंतर शिरलेल्या व्हायरसला वाढून लघवीत-लाळेत उतरायला तीन-चार आठवडे लागतात. त्यामुळे पहिल्या तीन आठवड्यांत लघवीत सापडला तर तो पोटातूनच आलेला. तीन आठवड्यांनंतर सापडला तर कुठून आला ते लघवी सांगू शकत नाही. आणि कुठून आला यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे, कारण पोटात लागण झाली असेल तर कान आणि मेंदूची काळजी, नंतर दुधातून झाली असेल तर पूर्ण दिवसांच्या बाळाला बहुतेक वेळा काहीच होत नाही.

तिसरं काम: सॅम्पल

लघवीचा पीसीआर (व्हायरसचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी), हीच टेस्ट. बाळाला लघवीची पिशवी चिकटवा, मिळेल तेवढी घ्या, दोन-तीन मिली पुरतात. पिशवी टिकत नसेल तर लंगोटात स्वच्छ कापसाचे बोळे ठेवून नंतर पिळून घेतात, लॅबला आधी विचारून घ्या चालतं का ते.

लाळेचा स्वॅब अजून सोपा, गालाच्या आतून फिरवायचा, पण दूध पाजल्यावर निदान एक तास थांबून. आईच्या दुधात व्हायरस असतो आणि तो बाळाच्या तोंडात राहिला की रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येतो. म्हणून लाळ पॉझिटिव्ह आली की लघवी पाठवून खात्री करायचीच, तीही 21 दिवसांच्या आत. एकटा रक्ताचा पीसीआर निगेटिव्ह आला म्हणून बाळ सुटलं असं समजू नका, जन्मजात सीएमव्ही असलेल्या काही बाळांच्या रक्तात तो सापडत नाही.

आता आपल्या इथली खरी अडचण. पीसीआर सगळीकडे होत नाही, सॅम्पल नाशिक, पुणे, मुंबईला जातं. आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास. एकदा भर दुपारी सॅम्पलचा डबा कुरियरवाल्या मुलाच्या बाईकवर डिक्कीत ठेवलेला मी स्वतः बघितला, आइसपॅक नाही काही नाही, नळीचं झाकण उघडलं तर लघवी चहासारखी कोमट. ते सॅम्पल परत घ्यावं लागलं, बाळाचा अठरावा दिवस होता, दुसऱ्या पिशवीत लघवी मिळायला संध्याकाळ झाली, सिस्टर आणि बाळाची आजी आळीपाळीने बसून होत्या. तेव्हापासून नियम केला, थर्माकोलचा डबा, दोन आइसपॅक, 2 ते 8 डिग्री, नळीवर नाव, तारीख आणि बाळाचं वय दिवसात. शुक्रवारी संध्याकाळी पाठवू नका, सोमवारपर्यंत पडून राहतं. आणि विसाव्या दिवसाची वाट बघू नका, संशय आला त्याच दिवशी घ्या.

टॉर्चचा रिपोर्ट हातात आला तर

याच्यावर जरा जास्त लिहिते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. बाळ आजारी दिसलं की टॉर्च (टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सीएमव्ही, हर्पिस अशांच्या अँटिबॉडी बघणारी रक्ताची टेस्ट) पाठवायची सवय आहे. रिपोर्ट येतो, सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह, आणि घरात रडारड. अहो, आयजीजी (जुन्या लागणीची अँटिबॉडी) आईकडून वारेतून बाळात येतो, तो आईचा आहे, आणि वर म्हटलं तसं आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या आयांना तो असतोच. बाळाच्या अंगात तो वर्षभर, कधी त्याहून जास्त टिकतो. त्यावरून बाळाबद्दल काहीच कळत नाही. उलट आयजीजी निगेटिव्ह आला तर तो कामाचा, आईच्या अँटिबॉडीच नाहीत म्हणजे जन्मजात सीएमव्हीची शक्यता फार कमी.

आयजीएम (ताज्या लागणीची अँटिबॉडी) बाळाचा स्वतःचा असतो हे बरोबर, पण खरोखर लागण झालेल्या कितीतरी बाळांत तो निगेटिव्ह येतो आणि नसलेल्यांत खोटा पॉझिटिव्हही येतो. म्हणून आयजीएमवर निदान करायचं नाही आणि आयजीएमवर औषध तर अजिबात सुरू करायचं नाही.

एक केस मनातून जात नाही. चोपड्याकडचं बाळ, अडीच महिन्यांचं, डोळे पिवळे. आधी दुसरीकडे दाखवलेलं, तिथे टॉर्चमध्ये सीएमव्ही आयजीएम पॉझिटिव्ह आला म्हणून सीएमव्हीची कावीळ असं सांगून महिनाभर औषध चाललेलं. मी आईला विचारलं शी कसल्या रंगाची करतो, तिने पिशवीतून सरळ लंगोटच काढून दाखवला, तो ती सोबत घेऊन आली होती. शी पांढरी, खडूसारखी. ती पित्तनलिका बंद असल्याची केस होती, बिलियरी अट्रेसिया, आणि त्याचं कसाई ऑपरेशन (कसाई हे जपानी सर्जनचं नाव) 60 दिवसांच्या आत झालं तर सगळ्यात चांगला उपयोग होतो. ते दिवस एका आयजीएमच्या रिपोर्टपायी गेले. म्हणून 14 दिवसांपुढे कावीळ राहिली की डायरेक्ट बिलिरुबिन बघा, शीचा रंग स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि शी पांढरी असेल तर सीएमव्ही पॉझिटिव्ह असो नाहीतर नसो, बाळाला लहान मुलांच्या सर्जनकडे त्याच आठवड्यात पाठवा. दोन्ही एकत्रही असू शकतात.

चौथं काम: बाळ कोणत्या गटात

21 दिवसांच्या आत लघवी पॉझिटिव्ह म्हणजे जन्मजात, इथे वाद नाही. मग पुढच्या तपासण्या: सीबीसी, एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट), डायरेक्ट बिलिरुबिन, टाळूतून डोक्याची सोनोग्राफी, त्यात काही दिसलं किंवा बाळात मेंदूची लक्षणं असली तर एमआरआय, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून थेंब घालून पडदा तपासणी, आणि कानाची बेरा (आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का ते बघणारी टेस्ट). नुसती ओएई (कानाची साधी चाळणी टेस्ट) पुरत नाही, ती आतल्या कानापर्यंतच बघते, नसेचा दोष तिच्यातून निसटतो.

हे सगळं आलं की 2017 साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमताने केलेले चार गट आहेत ते वापरा. मेंदूवर परिणाम असेल, म्हणजे लहान डोकं, मेंदूत व्हेंट्रिकलच्या (पाण्याच्या पोकळीच्या) कडेने कॅल्शियम, डोळ्याच्या पडद्याला सूज, किंवा बरीच लक्षणं एकत्र आणि टिकून असतील, किंवा लिव्हरसारख्या एखाद्या अवयवाला मोठा त्रास असेल तर मध्यम ते गंभीर. एखाद-दुसरं लक्षण, हलकं आणि आपोआप जाणारं, समजा एकदा प्लेटलेट थोड्या कमी आल्या आणि आठवड्याने नॉर्मल, तर सौम्य. बाकी सगळं ठीक पण बेरामध्ये ऐकण्यात दोष, तो वेगळा गट. आणि काहीच नाही तो चौथा.

कॅल्शियमचे ठिपके मेंदूभर विखुरलेले असतील तर टोक्सोप्लाझ्मा आठवा, मोतीबिंदू आणि हृदयाला दोष असेल तर रुबेला आठवा, आणि आईची व्हीडीआरएल (सिफिलिसची टेस्ट) झाली होती का ते कार्डवर बघा. सीएमव्ही सापडला म्हणून बाकीचं बघायचं बंद करू नका.

21 दिवस निघून गेले असतील तर

हेच आपल्याकडे जास्त होतं. चार महिन्यांचं बाळ, आजी म्हणते, "ताट वाजाडं तरी हाऊ पोऱ्या देखस नही." आजीचं ऐका. आजीच्या ताटाने जेवढी बाळं सापडली तेवढी मशीनने नसतील सापडली.

अशा वेळी आधी विचारा, जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन कागदाच्या कार्डवर टेस्ट झाली होती का. काही प्रायव्हेट हॉस्पिटलांतून ती होते आणि लॅबकडे कार्ड शिल्लक असू शकतं. त्या वाळलेल्या रक्ताचा पीसीआर पॉझिटिव्ह आला तर जन्मजात हे सिद्ध झालं. निगेटिव्ह आला तर काही सिद्ध होत नाही.

कार्ड नसेल तर आताची लघवी पाठवा. जन्मजात लागण असलेली मुलं लघवीतून कितीतरी महिने, वर्षंही व्हायरस टाकत असतात, त्यामुळे काही महिन्यांच्या बाळाची लघवी निगेटिव्ह आली तर जन्मजात असण्याची शक्यता बरीच कमी होते. पॉझिटिव्ह आली तर फाइलवर "जन्मजात सीएमव्ही" असं ठोकून लिहू नका, "जन्मजात असण्याची शक्यता" लिहा आणि पुरावे त्याच्याखाली लिहा: जन्मताना डोक्याचं माप किती, सोनोग्राफीत काय, बेरा काय, दुसरं कारण सापडलं का. शब्दाचा फरक छोटा वाटतो पण पुढचा डॉक्टर तोच शब्द वाचून ठरवतो.

अपुऱ्या दिवसांचं बाळ

32 आठवड्यांच्या आत किंवा दीड किलोच्या खालचं बाळ, एसएनसीयूमध्ये (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) दीड महिना झालाय, वजन वाढायला लागलंय, आणि अचानक श्वास थांबतो, रंग राखाडी, पोट फुगतं, प्लेटलेट पडतात. सगळे सेप्सिस (रक्तातला जंतुसंसर्ग) म्हणून अँटिबायोटिक बदलत बसतात आणि कल्चर निगेटिव्हच येतात. तेव्हा सीएमव्ही आठवा. हा बहुतेक वेळा आईच्या दुधातून आलेला, तीन ते बारा आठवड्यांच्या दरम्यान दिसणारा. जन्मानंतरचा असं नक्की म्हणायला पहिल्या 21 दिवसांतली निगेटिव्ह टेस्ट लागते, म्हणून इतक्या लहान बाळांची एक लघवी सुरुवातीलाच तपासली असेल तर पुढे फार उपयोगी पडते.

आणि यावरून आईचं दूध बंद करू नका. पूर्ण दिवसांच्या बाळाला त्यातून आलेला व्हायरस बहुतेक वेळा त्रास देत नाही, आणि लहान बाळालाही दुधाचे फायदे फार जास्त आहेत.

वर्ष-दोन वर्षांची मुलं

इथे लागण आणि आजार हे दोन वेगळे शब्द वापरायला शिका. अंगणवाडीतल्या धडधाकट पोराच्या लघवीत सीएमव्ही सापडणं ही लागण, त्याला उपचार नको, कधी थोडा ताप आणि गाठी येऊन जातात. आजार म्हणजे व्हायरस सापडला आणि त्याच्यामुळे एखादा अवयव बिघडलेला दिसतोय. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलात, म्हणजे ल्युकेमियाची केमो चालू असलेलं, एचआयव्ही असलेलं, ट्रान्सप्लांट झालेलं, तिथे मात्र लघवीवर थांबू नका. रक्तातल्या व्हायरसचं प्रमाण मोजणारा पीसीआर करायचा आणि दर आठवड्याला चढतोय का बघायचं, आतड्याचा संशय असेल तर बायोप्सी, डोळ्याचा असेल तर पडदा तपासणी.

उपचार आणि पुढची वर्षं

औषध व्हॅलगॅनसायक्लोव्हिर. मध्यम ते गंभीर गटाला, शक्यतो पहिल्या महिन्यात सुरू करून 6 महिने. 2015 मध्ये छापून आलेल्या ट्रायलमध्ये 6 आठवड्यांपेक्षा 6 महिने दिलेल्या बाळांचं ऐकणं आणि बोलणं थोडं बरं राहिलं. थोडं, हे आईबापांना स्पष्ट सांगा. पांढऱ्या पेशी पडतात म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला सीबीसी लागतोच, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून दर आठवड्याला येणं जमणार आहे का, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त देता येईल का, हे औषध सुरू करायच्या आधी बोलून घ्या. नुसतं ऐकण्यात दोष असेल तर द्यायचं का हे तज्ज्ञांकडून ठरवा, कारण तिथे मतं एक नाहीत. काहीच लक्षण नसलेल्या बाळाला औषध नाही.

बाळाची आई हमखास विचारेल, ग्रहणात मी भाजी चिरली म्हणून झालं का? सासूही तिथेच उभी असते. दोघींच्या समोर सांगा की नाही, ग्रहणाचा काही संबंध नाही, आईची काही चूक नाही. पुढच्या खेपेला गरोदर असताना घरातल्या लहान पोराचं उष्टं खाऊ नका, त्याचा चमचा तोंडात घालू नका, लंगोट बदलला, नाक पुसलं की साबणाने हात धुवा, एवढं सांगा, आणि अंगणवाडी सेविकेलाही तेच सांगा.

ऐकण्याची तपासणी पहिल्या वर्षी दर 3 ते 6 महिन्यांनी, मग 3 वर्षांपर्यंत दर 6 महिन्यांनी, मग 6 वर्षांचं होईपर्यंत वर्षातून एकदा. चौथ्या गटातल्या, काहीही लक्षण नसलेल्या बाळालाही हे लागू आहे. दोष सापडला तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या टीममार्फत जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नाव नोंदवा, कानाचं मशीन, स्पीच थेरपी, लागलं तर कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात ऑपरेशनने बसवायचं यंत्र), सगळ्याची सुरुवात तिथून करता येते. मशीन 6 महिन्यांच्या वयाच्या आत लागलं तर बोलणं खूप चांगलं येतं.

डिस्चार्ज करताना माता बाल संरक्षण कार्डच्या मागच्या कोऱ्या जागेत मराठीत लिहून द्या: लघवीचा सीएमव्ही पीसीआर जन्मानंतर कितव्या दिवशी घेतला, निकाल काय, गट कोणता, डोक्याचं माप किती, बेरा कधी झाली आणि पुढची कोणत्या महिन्यात. बाळ माहेरी जन्मलेलं असतं आणि सासरी वाढतं, म्हणून सासरच्या गावच्या आशाताईचा फोन नंबर त्याच ओळीखाली लिहा आणि आई निघायच्या आधी तुमच्या समोर एकदा तो लावून बघा.